पांढऱ्या साडीची खळ

आई, आज तुझी पांढरी साडी नेसले. अठरा वर्षं कपाटात होती. खळ मीच केली, तू करायचीस तशी, भाताची पेज पातळ करून, फडक्यातून गाळून. पण माझी कसली मेली जमतेय! पदर पत्र्यासारखा कडक झाला आणि निऱ्या ओल्या पोतेऱ्यासारख्या लोंबायला लागल्या. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग सगळं पुन्हा बादलीत बुडवायला लावलं असतंस. वेळ नव्हता. अकराला पोचायचं होतं. पलीकडच्या दारातली तुझी बाई गेली. सुरीनामची. जिच्या स्वयंपाकघरात तू रोज दुपारी जाऊन बसायचीस आणि मला येऊन सांगायचीस, गॅलरीत पाय मोकळे करून आले म्हणून. तिच्या लेकीने बेल वाजवून सांगितलं, शुक्रवारी निरोप आहे, पांढरं घालून या. माणूस म्हातारं होऊन, सगळं बघून गेलं की आम्ही काळं घालत नाही. मी मान हलवली. आम्हीही नाही घालत, असं तोंडावर आलं होतं, पण तिथेच राहिलं.

तुमची दोघींची ओळख खळीमुळेच झाली ना? तू माझ्या बाळंतपणाला आली होतीस. डीमनमधलं, या डच गावातलं हेच घर, चौथा मजला, एका लांबलचक गॅलरीवर दहा दारं. इथे बाळंतिणीच्या घरी आठ दिवस सरकारी पद्धतीने नर्स येते. तुझं आयुष्य मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून गेलेलं, हजारो पोरांना पहिली आंघोळ घातलेली, आणि ती गोरी पोरगी माझ्या लेकीला बादलीत उभी बुडवत होती. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, "सांग तिला, मान धर म्हणावं. भाजी धुवायली का काय!" मी सांगितलं नाही. मग तू चिडून गॅलरीत गेलीस, बादलीत पेज ओतलीस आणि साडी बुडवायला बसलीस. पलीकडची म्हातारी दार उघडून बघत राहिली. आत गेली आणि तिची पेज घेऊन आली. तिच्या डोक्याला बांधायच्या रुमालांसाठी ती खळ करायची. तिकडे सुरीनाममध्ये, समुद्रापलीकडच्या जुन्या डच वसाहतीत, तिच्या शेजारी हिंदुस्थानी लोक राहायचे, कधीकाळी बिहारकडून ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांची पोरंबाळं, त्यामुळे तिला बैठो, खाओ, पानी, बेटी असं थोडं येत होतं. तुझं हिंदी तर काय विचारायचं! दोघी व्याकरणाची हाडं मोडत तासन्‌तास बोलायच्या. मी आतून हाक मारायचे, "आई, काय बोलतेस इतकं?" तू म्हणायचीस, "तुला कळायचं नाही. कामाचं बोलायलोत."

आता चान्यांचं. हे टाळून पुढे जाता येणार नाही. तू बाळासाठी शिवलेल्या गोधडीत गुंडाळून एक डबा आणला होतास. मोठ्याच्या मांसाच्या पट्ट्या, मीठ-हळद लावून, उन्हात कडकडीत वाळवलेल्या. मला लहानपणीची क्वार्टर्सची गच्ची आठवते. दोरीवर चान्या वाळत घातलेल्या आणि मी खाली काठी घेऊन बसलेली, कावळे हाकलायला. मला ते काम आवडायचं, कारण मधूनच एखादी पट्टी तोंडात टाकता यायची. आणि हेही आठवतं की शाळेच्या डब्यात तू कधीच चानी दिली नाहीस. बटाट्याची भाजी, पोळी. मी एकदा मागितली तर म्हणालीस, "घरचं घरात." मी तुझ्याकडूनच शिकले हे, असं म्हणून सुटता येईल का मला? नाही येणार. तू लपवलंस ते मला कोणी बोलू नये म्हणून. मी लपवलं तेव्हा मला कोण काय करणार होतं? आठ तास विमानात बसून आलेली बाई मी. पर्मनंट नोकरी, स्वतःचं घर.

पण इथे आल्यावर पहिल्याच दिवाळीत इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी विचारलं, "आडनाव वेगळंच आहे गं. मूळचे कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं आणि तिथेच थांबले. आडनावावरून आमचं पटकन कळत नाही, हे मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू. मग एक न सांगितलेली गोष्ट सांभाळायला दुसरी, तिला सांभाळायला तिसरी. तू आणलेल्या दोन तसबिरी बेडरूमच्या खणात. संकष्टीला, विचारलंच तर, उपास. पुरणपोळी करणारी म्हणून मंडळात माझं नाव आहे आज. नवराही आपल्यातलाच, पण माझ्याहून भित्रा. आम्ही दोघांनी कधी बसून ठरवलं नाही. न बोलताच ठरलं, आणि घर होतं तसं चालत राहिलं.

नामकरणाला वीसेक माणसं येणार होती. आदल्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तो डबा उचलला, खाली गेले आणि इमारतीसमोरच्या जमिनीतल्या कचरापेटीत रिकामा केला. तिचं झाकण असं की एकदा लोटलं की परत काही काढता येत नाही. वर आले, हात साबणाने तीनदा धुतले. तू केस पुसत स्वयंपाकघरात आलीस, फडताळ उघडलंस, खालचं उघडलंस. "इथं डबा होता." मी म्हटलं, "अगं, बुरशी आली होती, टाकला." तू माझ्याकडे बघितलंस. "वाळलेल्याला बुरशी?" एवढंच. मला आयुष्यात तू खूप रागावलीस, फुंकणीने मारलंसही, पण ते सगळं विसरले. हे दोन शब्द नाही विसरले. नंतर तू फडताळ बंद केलंस आणि बाळाची लंगोटी बदललीस.

दुसऱ्या दिवशी तू ही साडी नेसलीस. आपल्याकडे मंगल कामाला पांढरं, लग्नात नवरी पांढरी, नामकरणाला आजी पांढरी. कपाळाला काही नाही. मंगळसूत्र तू कधीच काढून ठेवलं होतंस. म्हणायचीस, नवरा माझा आहे हे मला ठाऊक आहे, गळ्याला कशाला सांगू. मी सकाळी म्हटलं, "आई, ती जांभळी नेस ना, पैठणी काठाची." तू म्हणालीस, "नातीचं नाव ठेवायचंय. मळकं कशाला नेसू?" आणि तू दिसत होतीस काय! कडक खळ, निरी निरी मोजून घ्यावी अशी.

मंडळातल्या ताई सगळ्यात आधी आल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मनाने फार चांगल्या. डिंकाचे लाडू करून आणले होते त्यांनी माझ्यासाठी. त्या वाईट असत्या तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, मला हळूच पॅसेजमध्ये घेतलं आणि विचारलं, "काका कधी गेले गं?" आई, त्या क्षणी मला तीन शब्द पुरले असते. आम्ही बौद्ध आहोत. बस. शेजारी नवरा कागदी पेल्यांची रास घेऊन उभा होता. तो पेले मोजायला लागला. आणि मी म्हटलं, "दोन वर्षं झाली."

"अरेरे. किती लवकर," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही हं, अगदी खरं पाणी. अशी कशी गं मी?

मग बायकांनी माझी ओटी भरली. कुंकवाचा करंडा फिरला. तुझ्यापाशी आल्यावर ताईंचा हात थबकला, त्यांनी करंडा पदराखाली घेतला आणि हात जोडले, "काकू, नमस्कार करते हं." तूही हात जोडलेस. तसंही तू कुंकू लावून घेतलं नसतंसच. पण नको म्हणणं वेगळं आणि गाळलं जाणं वेगळं, हे मला शिकवायला कोणी नको होतं. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पडद्यावर 'बाबा'. तिकडे ते सगळं नातंगोतं जमवून नाव ऐकायला बसले होते. फोन उचलला की बाबा आधी खड्या आवाजात जयभीम म्हणायचे, दहा फुटांवरच्या माणसाला ऐकू जाईल असं. मी फोन पालथा घातला. तो थांबला, परत वाजला. तू पुऱ्यांचं ताट खाली ठेवलंस, माझ्यासमोरून फोन उचललास आणि गॅलरीत गेलीस. मला वाटलं, आत गलका आहे म्हणून गेली. बरीच वर्षं मला तसंच वाटत होतं, किंवा वाटून घेत होते.

पुढच्या महिन्यात तू परत गेलीस. जाताना दोनातली एक पांढरी साडी माझ्या कपाटात ठेवलीस. "असू दे. लागंल तुला." सात महिन्यांनी तू गेलीस, झोपेतच, कुणाला त्रास न देता. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा ओट्यावर बसले होते. मला जवळ घेऊन म्हणाले, "तुझ्या घराचं लय कौतुक सांगायची. लय मान दिला म्हणायची लोकांनी." मी त्यांना काय सांगणार होते? त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते मला थोपटत होते आणि इकडे डीमनमध्ये ते मेलेले होते.

बाबा तुझ्यानंतर सतरा वर्षं जगले. दर रविवारी व्हिडिओवर नातीशी बोलायचे. ते मराठीत, ती डचमध्ये, आणि दोघांचं झकास चालायचं. गेल्या वर्षी गेले. आणि आता बघ काय झालं. मला कोणालाच सांगता येईना. मंडळात कोणाला फोन करणार? काय सांगणार, माझे वडील वारले? ते तर वारलेच होते. ताईंनी पाठीवरून हात फिरवून झाला होता. मी ग्रुपवर लिहिलं, गावाकडे घराचं काम निघालंय, दहा दिवस नाही. त्यावर कोणीतरी लिहिलं, येताना काळा मसाला आण. मी अंगठा पाठवला. वडील गेलेल्या बाईने अंगठा पाठवला, आई.

बॅग घेऊन निघाले तर तुझी बाई दारात. माझा चेहरा बघून तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, वडील गेले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ह्या वेळी खरंच?"

मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. तिने मला पोटाशी धरलं आणि बॅग लिफ्टपर्यंत ओढून आणली. ऐंशी उलटलेली बाई.

दहा दिवसांनी परतले तेव्हा ती पातेलं घेऊन आली. डोक्याला पांढरा रुमाल. पातेल्यात भात, त्यात चवळी आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे. झाकण उघडलं आणि क्वार्टर्सची गच्ची, दोरी, काठी, सगळं नाकात शिरलं. बसून तिने सांगितलं. नामकरणाच्या दिवशी तू फोन घेऊन तिच्या घरात आलीस, तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून बाबांना नातीचं नाव सांगितलंस, मोठ्याने हसलीस, सगळे आलेत म्हणालीस, थाट आहे म्हणालीस. मग फोन ठेवून खुर्चीत बसलीस आणि तिला म्हणालीस, बेटी बोली, मेरा मरद मर गया. मी विचारलं, रडली का? ती म्हणाली, "नाही. तिने खायला मागितलं. हेच केलं होतं मी त्या दिवशी. हाताने खाल्लं तिने, दोनदा घेतलं. मी तिला सांगितलं, आमच्या गुलाम पणज्यांना मळ्यावर मालक पिंपातलं खारं मांस टाकायचे, कामाला जगावेत म्हणून. आता तेच आम्ही वाढदिवसाला करतो. तुझी आई म्हणाली, आम्हाला मेलेलं ढोर द्यायचे. मग तिने हात धुतले, आणि ती पुऱ्या वाढायला परत गेली."

तू परत आली होतीस हे मला आठवतं. पुऱ्या गरम आहेत का, असं ताईंना विचारत होतीस.

बाबांच्या ट्रंकेत मला एक रुमाल सापडला होता. छापील, कडक, टाचण्या लावून विचित्र घडीत ठेवलेला. तो मी तिला दाखवला. ती हसायलाच लागली. त्यांच्याकडे डोक्याच्या रुमालाच्या घड्यांना अर्थ असतात, आणि ही घडी म्हणजे, बोलू दे त्यांना काय बोलायचं ते. "मी शिकवली तिला," ती म्हणाली. "नामकरणाच्या दुसऱ्या दिवशी. दोन तास लागले." तो रुमाल घालून तू गावी कधी आरशासमोर उभी राहिलीस का? बाबांना काय सांगितलंस त्याच्याबद्दल? का त्या 'बोलू दे त्यांना'मध्ये मलाही मोजलंस तू? हे मी तिला विचारलं नाही. आता दोघीही नाही आहात.

तर आज तिचा निरोप होता. माझी लेक मास्ट्रिख्टहून आली. तिथे शिकते ती. निम्मं लहानपण तिचं त्या म्हातारीच्या घरात गेलंय, खारं मांस खात. तिनेही पांढरा सदरा घातला. हॉलमध्ये सगळे पांढरे, खळ दिलेले, करकरणारे कपडे. शवपेटी खांद्यावर घेतलेले लोक नाचत होते, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि बायका रडत रडत गात होत्या. माझ्या साडीकडे बघून एक म्हातारी म्हणाली, छान खळ आहे. पदराबद्दल म्हणाली असणार. तिथे मला कोणीच विचारलं नाही, कोण गेलं, कुठली, कोणाची. मी पोटभर रडले. बाबांचं रडले, तुझं रडले.

इथेच संपवणार होते. पण तिकडे पोचायच्या आधी ट्रामच्या स्टॉपवर जे झालं ते राहिलंय.

ताई भेटल्या. भाजीची पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, मग कपाळाकडे, मग गळ्याकडे, आणि बिचाऱ्यांचा चेहराच उतरला. "अगं... हे बरे आहेत ना तुझे?" मी घाईघाईने म्हटलं, "छे छे ताई, अगदी मजेत! शेजारच्या आजी गेल्या, सुरीनामच्या. त्यांच्यात पांढरं घालतात." त्यांच्यात! लेक बाजूला उभी होती. आई, ही पोर मराठी सगळं समजते, पण उत्तर कायम डचमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये. तिने ताईंकडे बघून मराठीत सांगितलं, अडखळत, पण स्वच्छ. "आमच्यात पण घालतात. ही माझ्या आजीची साडी आहे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?" रागाने नाही, खरोखरच कळलं नाही म्हणून. बोर्ड ट्रामला चार मिनिटं दाखवत होता. चार मिनिटं पुष्कळ असतात. तेच तीन शब्द होते, अठरा वर्षं तिथेच बसलेले. आणि बाबा आता खरंच नव्हते, तू नव्हतीस, दुखावायला कोणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तिचे आजोबा लवकर गेले ना, मग आजी पांढरंच नेसायची. ते म्हणतेय ती."

"हो, हो, आठवतंय की मला," ताई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

लेकीने माझ्या हातातला हात काढून घेतला. ज्या आजोबांशी ती गेल्या वर्षापर्यंत दर रविवारी बोलली, ते मी तिच्यासमोर मारले. तुला दुसऱ्यांदा विधवा केलं. ती ट्राममध्ये दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि हॉलमध्येही माझ्याशेजारी बसली नाही.

घरी आल्यावर तिने एकच वाक्य डचमध्ये सांगितलं, ही साडी मी मास्ट्रिख्टला नेणार आहे. मी सोडून ठेवली तशी तिने ती उचलली, बादलीत भिजवली, आणि आत्ता, मी टेबलापाशी हे लिहीत असताना, ती माझ्याकडे पाठ करून पेज गाळते आहे. मला विचारलं नाही. फोनवर बघून करते आहे. हा कागद मी कुठे पाठवणार आहे? तिने विचारलं असतं तर तिलाच वाचायला दिला असता कदाचित. नसता दिला. पेज फार घट्ट झाली आहे, आई. इथून दिसतंय मला. पण उठून तिला सांगायचा धीर होत नाही.